थोरल्या लेकीची जागा

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आम्ही राहत होतो त्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. तिथे मी तिला पहिल्यांदा भेटले, म्हणजे खरं तर भांडायला गेले. माझे कपडे मशीनमध्ये राहून गेले होते आणि कुणीतरी ते काढून टेबलावर ठेवले होते. नवऱ्याचे बनियन, माझे परकर, सगळं चव्हाट्यावर. मी तणतणत खाली उतरले, तर एक उंच, भरदार बाई डोक्याला फडकं बांधून माझ्याच कपड्यांच्या घड्या घालत उभी. मला बघून ती मोठ्यांदा म्हणाली, “सिस्टर, वेल डन!” मला वाटलं, बया मला टोमणा मारतेय. पुढे कळलं, की तिच्या देशात कामात असलेलं माणूस दिसलं की असंच म्हणायची रीत आहे. आपल्याकडे अशा वेळी “काय, कपडे का?” असं विचारतात.

ती नायजेरियाची. आमच्या समोरच्याच दारात राहायची. नवरा एअरपोर्टवर टॅक्सी चालवायचा, त्यामुळे तो घरात असला तरी झोपलेला असायचा. तीन मुलं होती. तिच्या माणसांत बायकांना थोरल्या मुलाच्या नावाने ‘अमक्याची आई’ म्हणून हाक मारतात, तशी मीही मारायला लागले. हे मला सोपं गेलं, कारण आमच्या नागपूरच्या गल्लीतही कुणाच्या आईचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते. म्हणजे राहायला परवानगी, कामाला बंदी. नागपूरला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची नोकरी सोडून आले होते आणि आता दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघत होते. नवरा पुण्याचा, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. त्याला नोव्हायमध्ये काही कमी वाटत नव्हतं. ऑफिसात दहा मराठी माणसं, शनिवारी क्रिकेट, रविवारी कुणाकडे तरी आपापला पदार्थ नेऊन पॉटलक. अशाच एका पॉटलकला मी समोरच्या बाईचं काहीतरी कौतुक सांगत होते, तर वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या एक काकू माझ्या ताटात श्रीखंड वाढता वाढता म्हणाल्या, “अगं, जरा जपून हं. फार घरात घेऊ नकोस. दे आर नॉट लाइक अस.” शेजारचा एक जण “हो यार, इनसे दूर ही रहो” म्हणून हसला. मी विचारलं, “आपण कसे आहोत काकू?” नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. श्रीखंड आंबट होतं, ते मात्र मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

ती देशात असताना बँकेत होती. एनुगू नावाच्या शहरात, स्वतःचं टेबल, चहा आणून देणारा शिपाई. इथे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. एकदा तिच्या हाताला व्रण दिसला म्हणून विचारलं, तर एका आजीने चावा घेतला होता. “माझ्या आईने मला आयुष्यात मारलं नाही,” ती म्हणाली, “आणि दुसऱ्याची आई मला चावते. आणि मी तिला सॉरी म्हणते.” हे सांगताना ती हसत होती. मला तिचं हे हसणं आवडायचं नाही. माझ्या मते अशा वेळी माणसाने चिडावं.

आमचं बोलणं बहुतेक तिच्या स्वयंपाकघरात व्हायचं. ती बटाट्याचा सुका भुगा गरम पाण्यात घोटत असायची. देशात सुरणासारखा एक मोठा कंद उकडून उखळात कांडतात, तो त्यांचा मुख्य घास. तिने हौसेने डेट्रॉइटहून लाकडी उखळ-मुसळ आणलंही होतं, पण पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्या गोऱ्या म्हाताऱ्याने ऑफिसात तक्रार केली, की वर कुणीतरी भिंत पाडतंय. तेव्हापासून बटाट्याचा भुगा. “चव नाही, पोटात जड होतं, तेवढं पुरे,” ती म्हणायची. माझ्या फोडणीने धुराचा भोंगा दोनदा वाजला होता, त्यामुळे मला म्हाताऱ्याबद्दल काही बोलायचा अधिकार नव्हता, तरी मी भरपूर बोलले.

एकदा मी तिला विचारलं, “तुला घरच्या कशाची सगळ्यात जास्त आठवण येते?” मला वाटलं आई म्हणेल, माती म्हणेल. ती म्हणाली, “जनरेटर.” तिच्या शहरात वीज जाते, मग घराघरात जनरेटर घरघरायला लागतात, आणि त्या आवाजात ती लहानपणापासून झोपलेली. नोव्हायची शांतता तिच्या अंगावर यायची. म्हणून ती बाथरूमचा पंखा रात्रभर चालू ठेवायची. मी मोठ्यांदा हसले. मग मला आमचा नागपूरचा कूलर आठवला, त्याचा तो खडखडाट, ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास, आणि माझं हसू गेलं.

“तुम्ही इंडियन लोक सारखं परत जायचं बोलता,” ती मला म्हणायची. “दोन वर्षांनी परत, पाच वर्षांनी परत. आमच्यात हे बोलतसुद्धा नाहीत. आमच्याकडे परत आलेला माणूस म्हणजे हाकललेला माणूस. गाव विचारतं, काय गुन्हा केला? तुरुंगात होता का? मी इथे म्हाताऱ्यांची ढुंगणं धुते हे आईला माहीत नाही. तिला वाटतं मी हॉस्पिटलात आहे. ते खोटं नाही, आणि खरंही नाही.” मी म्हटलं, “आमच्यात परत जायचं नुसतं बोलतात. बोलता बोलता घर घेतात.” तेव्हा ती टेबलावर थाप मारून हसली.

त्यानंतरच्या मे महिन्यात माझे बाबा गेले.

दादाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तो म्हणाला, “बाबा गेले. पहाटे. आत्ताच घाटावरून आलो.” हे शेवटचं मला कळायला वेळ लागला. म्हणजे मला बातमी कळली तेव्हा बाबा नव्हते एवढंच नाही, तर बाबांचं काहीच नव्हतं. मी ओरडले, “आधी का नाही कळवलंस?” तो म्हणाला, “नागपूरचा मे महिना आहे. थांबवता येतं का? आणि थांबवून तू पोहोचणार होतीस का?” त्याचा आवाज थकलेला होता. मला त्याची अजिबात दया आली नाही.

नवरा ऑफिसातून लवकर आला. माझ्याजवळ बसला, पाणी दिलं, आणि मग हळूच म्हणाला, “आपलं व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे. आत्ता बाहेर गेलीस तर परत येताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगला मुंबईच्या वकिलातीत जावं लागेल. तिथे अडकवलं तर महिनोन्‌महिने जातात. आणि आता तर सगळं झालंच आहे नं.” तो चूक बोलत नव्हता, आणि हेच मला जास्त खुपलं. चूक बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. मी तेराव्यालाही गेले नाही. मराठी मंडळातली माणसं येऊन गेली, डब्यातून पिठलं-भात देऊन गेली, “वय झालं होतं, सुटले” म्हणाली, आणि जाताना चपला घालताना एकमेकांना शनिवारच्या मॅचचं विचारत गेली.

तिला कळलं तेव्हा ती कामावरून नुकतीच आली होती. आमच्या दारात उभी राहून तिने एकदम हंबरडा फोडला. डोक्यावर हात घेऊन, अख्खी इमारत ऐकेल असा. खालच्या म्हाताऱ्याने दार उघडून वर बघितलं. मग ती घरी गेली आणि बकऱ्याच्या मटणाचा रस्सा घेऊन आली, मोठं पातेलं भरून. सुतकाच्या घरात, जिथे आम्ही फोडणीसुद्धा देत नव्हतो! नवऱ्याने हसून थँक्यू म्हटलं, पातेलं घेतलं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं.

“किती वय होतं?” तिने विचारलं.

“ऐंशीला टेकले होते.”

“मग रडायचं कशाला? एवढा मोठा माणूस! गाव नाचलं पाहिजे. पुरणार कधी आहेत?”

“आमच्यात जाळतात. झालं ते. कालच.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी अश्लील बोलले आहे. “काल? पण तू इथे आहेस.”

“हो.”

“तुझ्याशिवाय? कुणाला विचारून?”

मी तिला सगळं सांगितलं. ऊन, आमची रीत, सूर्यास्त, मुलाने अग्नी द्यायचा. ती मान हलवत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “तू थोरली मुलगी ना?”

“मुलगी मी एकटीच.”

“आमच्यात थोरल्या लेकीशिवाय आईबाप मातीत जात नाहीत. कितीही लांब असू दे. थांबतात. तुझ्या लोकांनी तुला विचारलंसुद्धा नाही, सिस्टर. तुझ्या लोकांनी तुला टाकून दिलं.”

मला भयंकर राग आला. बाल्कनीतलं पातेलं तिच्या डोक्यावर ओतावं असं वाटलं. माझ्या भावाला मी काय वाटेल ते म्हणेन, ही कोण? पण तिच्या त्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. पोळ्या लाटताना, गाडी शिकताना, दुकानात रांगेत उभी असताना मी स्वतःला विचारायची: कुणाला विचारून? आणि दादाशी मी पुढचे बरेच दिवस बोलले नाही.

पानं गळायला लागली त्या सुमाराला तिची आई गेली. ती माझ्या दारात आली, आणि मी तयारी केली की आता हंबरडा ऐकावा लागणार. पण ती शांत होती. आत येऊन बसली, कोट न काढता. म्हणाली, “आई गेली. पण घाई नाही. ती थांबेल.”

आई मोठ्या गावातल्या एका शवागारात थांबली होती. औषधं टोचून शव महिनोन्‌महिने ठेवतात. त्या काळात घराला रंग द्यायचा, नवा गिलावा करायचा, फाटक बसवायचं, कारण अख्खा मुलूख जेवायला येणार आणि पडक्या घरातून आईला बाहेर काढणं म्हणजे मुलांची अब्रू जाणं. चर्चची तारीख मिळवायची. सगळ्या नातलगांनी एकाच रंगाचं कापड घ्यायचं. आणि परदेशातली मुलं येईपर्यंत थांबायचं. विशेषतः थोरला मुलगा आणि थोरली लेक. थोरल्या लेकीची जागा ठरलेली. घराण्यातल्या सगळ्या लेकी माहेरी येऊन बसतात आणि त्यांच्या पुढे ती बसते. तिने रडायला सुरुवात केल्याशिवाय कुणी रडत नाही आणि ती नाचायला उठल्याशिवाय कुणी नाचत नाही. “ती मी,” ती म्हणाली, आणि छातीवर हात ठेवला.

मला आधी शिसारी आली. मग हेवा वाटला. खरं सांगते, एका मढ्याचा हेवा वाटला. तिची आई तिच्यासाठी थांबली होती आणि माझे बाबा नव्हते थांबले.

दर रविवारी ती दुकानातून घेतलेलं फोनकार्ड खरवडून गावाकडच्या भावाला फोन लावायची. स्पीकरवर. मागे कोंबडा आरवायचा, जनरेटर घरघरायचा, आणि तिचा चेहरा उजळायचा. भाऊ सांगायचा, गिलावा झाला, फाटक आलं, सिंहाचं तोंड असलेलं. दर वेळी शेवटी तो इंग्रजीत म्हणायचा, “वी आर वेटिंग फॉर यू.” ती माझ्याकडे बघायची. ते बघणं मला बोचायचं. ती ते मुद्दाम करत नव्हती असं मी स्वतःला समजावत होते.

अडचण एकच होती, आणि सगळं त्या एकावर अडलं होतं. तिची इथे राहण्याची कागदपत्रं पेंडिंग होती. ती अमेरिकेबाहेर जाऊ शकत होती, पण परवानगीशिवाय गेली तर परत येऊ शकत नव्हती. मुलं इथे शाळेत. परवानगीसाठी अर्ज केला होता, उत्तर नव्हतं. वकिलाने सांगितलं, तातडीचं कारण असेल तर समक्ष जाऊन सांगा, कधी कधी देतात.

मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. तिला तिच्या नवऱ्याच्या झोपेवर विसंबायचं नव्हतं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी बर्फाच्या चिखलातून मी तिला डेट्रॉइट डाउनटाउनमधल्या इमिग्रेशनच्या ऑफिसात घेऊन गेले. तिने ठेवणीतला कोट घातला होता, ओठांना लिपस्टिक लावली होती. रांगेत ती काय बोलायचं ते पुटपुटत होती.

खिडकीमागचा माणूस तरुण होता आणि उद्धट मुळीच नव्हता. “आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस, मॅम,” तो म्हणाला. “आई कधी वारल्या?”

“ऑक्टोबरमध्ये.”

त्याने कागदावरून नजर उचलली. “आता फेब्रुवारी आहे. म्हणजे फ्युनरल होऊन गेलं.”

“नाही. व्हायचं आहे.”

“ऑक्टोबरपासून?”

“माझ्यासाठी थांबलेत. मी थोरली मुलगी आहे.”

त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे तिने शवागाराचं सांगितलं त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर असणार. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, “ही गेल्याशिवाय ते आईला पुरू शकत नाहीत. तशी त्यांची रीतच आहे. ते थांबतीलच, पण हिला जायलाच हवं.” मला वाटलं मी मुद्दा पक्का केला.

त्याने माझ्याकडे वळून अगदी सौम्यपणे विचारलं, “ते थांबतीलच ना? मग तातडी कसली?”

आपला बाप त्याच दिवशी जाळणारी माणसं असतील तर तातडी, पण मग पोहोचणं शक्य नाही. थांबणारी माणसं असतील तर पोहोचणं शक्य, पण मग तातडी नाही. त्याने सांगितलं, अर्ज रांगेत आहे, नेहमीच्या वेळेत उत्तर येईल. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “तू बोलायला नको होतंस.” मी म्हटलं, “तू तरी काय वेगळं सांगत होतीस?” मग नोव्हाय येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मी रस्त्याकडे.

इस्टर जवळ आला आणि तिच्या घरी ह्यूस्टनहून एक पार्सल आलं. तिथे तिची चुलत बहीण राहायची. आत जांभळ्या रंगाचं लेसचं कापड होतं, आणि डोक्याला बांधायचं चंदेरी फडकं. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, “अंत्यविधीचं कापड. इस्टरनंतरच्या शुक्रवारचं. तुला माहीत नाही?”

तिने त्याच क्षणी भावाला फोन लावला. मी तिथेच होते. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, की थोरल्या भावाला लंडनहून त्याच आठवड्यात रजा मिळतेय. त्याच्या बायकोलाही. चर्चनेही तीच तारीख दिलीय. आणि किती थांबायचं? लोक हसायला लागलेत.

“आणि मी?” तिने विचारलं.

“तू तिकडे काहीतरी कर ना. हॉल घे, लोकांना बोलव. आम्ही व्हिडिओ पाठवू.”

“तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात.”

पलीकडे कोंबडा आरवला. भाऊ म्हणाला, “तुझ्यासाठीपण थांबलोच होतो.”

तिने फोन ठेवला. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एकदम आतून उसळी आली: बघ, तुझ्याही लोकांनी तुला टाकलं! मग तिचे हात दिसले. ती त्या जांभळ्या कापडाची घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्यातही शेवटी वाट बघतात ती मुलाचीच. एवढं फाटक बसवलं, गिलावा केला, पण लेकीच्या परवानगीसाठी कुणी आठवडाभर कळ काढली नाही. मला तिच्या भावाचा आणि माझ्या भावाचा एकाच वेळी संताप आला, आणि दोघांत मला काही फरक दिसेना.

परवानगी आली नाही. शुक्रवारी तिकडे आईला पुरलं आणि ती त्या दिवशी कामावर गेली. घरी बसून काय करू, म्हणाली.

व्हिडिओ आल्यावर तिने चर्चच्या तळघरातला हॉल घेतला आणि मला यायला सांगितलं. मी आपल्या रीतीने गेले. पांढरा, धुवून धुवून विटलेला सलवार-कमीझ, कपाळ बिनटिकलीचं, हात रिकामे, घरून जेवून. दुःखाच्या घरी तसंच जातात. दारातच ढोलाचा आवाज. आत अख्खा हॉल जांभळ्या लेसमध्ये, चंदेरी फेटे बांधलेल्या बायका, लाल भाताच्या परातीच्या पराती, मटण, कोल्ड्रिंक, पोरांची पळापळ. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक बाई धावत आली आणि विचारलं, “तुझ्या घरी कुणी गेलं का?” मी म्हटलं, “नाही, हिच्या.” त्या बायका हसल्या, मला कोपऱ्यात नेलं, कमरेला जांभळं कापड गुंडाळलं, माझ्या पांढऱ्या कमीझवरून. डोक्याला फडकं बांधलं. माझ्या हातात प्लेट दिली. बाबांसाठी मी धड रडलेही नव्हते, आणि इथे कुणाच्यातरी आईसाठी नटून भात खात बसले होते.

मग दिवे मालवले आणि मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. लाल माती, सिंहाचं फाटक, ताज्या रंगाचं घर. मांडवाखाली शेकडो माणसं. हातात माइक घेतलेला निवेदक एकेका अपत्याचं नाव घ्यायचा, कुठून आलं ते सांगायचा आणि ते माणूस उठून हात हलवायचं. लंडनचा थोरला भाऊ उठला, टाळ्या. त्याची बायको उठली, टाळ्या. मग निवेदक ओरडला, “आणि थोरली लेक! अमेरिकेहून!”

हॉलमधल्या बायकांनी वळून माझ्या शेजारी बसलेल्या तिच्याकडे बघितलं. पडद्यावर लेकींच्या घोळक्यात सगळ्यात पुढे एक बाई उठली. जांभळी लेस, सगळ्यांपेक्षा उंच चंदेरी फेटा. तिने दोन्ही हात वर करून हलवले. मांडव टाळ्यांनी दणाणला. मग ती नाचत पुढे आली आणि तिच्यामागे बाकीच्या.

“कोण ही?” मी हळूच विचारलं.

“माझी धाकटी बहीण,” ती म्हणाली. “रिकामी जागा दिसली असती तर लाज गेली असती. एवढं सोपं होतं बघ.” मग ती हसली, तिचं ते नेहमीचं हसू. “गावाला विचारशील तर मी गेले होते, सिस्टर. सगळ्यांनी मला बघितलं.”

मग कुणीतरी ढोल पुन्हा सुरू केला. ती उठली आणि नाचायला गेली, आणि तिच्यामागे बाकीच्या बायका उठल्या. मी बसून राहिले. मला नाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन केला. बाबा गेल्यापासून आमचं बोलणं तब्येत आणि हवा यांच्यापलीकडे जात नसे. पण त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. शवागार, फाटक, खिडकीमागचा माणूस, उठून हात हलवणारी धाकटी बहीण. आईने मध्ये एकदाही टोकलं नाही. आई शाळेत मुख्याध्यापिका होती. ती ऐकून घेते तेव्हा पूर्ण ऐकून घेते. माझं संपल्यावर मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता ती म्हणेल, तुझ्यासाठी आम्ही थांबायला हवं होतं. निदान एवढं म्हणेल, की दादाचं चुकलं.

“बरी आठवण केलीस,” आई म्हणाली. “तुला सांगायचंच राहून गेलं. मी देहदान करून राहिले. मेडिकल कॉलेजात बोलून आले मी परवा. फोन केला की त्यांची गाडी येते आणि घेऊन जाते. घाट नाही, दहावं नाही, तेरावं नाही.”

“दादाला माहीत आहे?”

“त्यालाच घेऊन गेले होते नं. त्याला म्हटलं, माझ्या वेळी कोणी कोणासाठी थांबायचं नाही आणि कोणी कोणाला बोल लावायचा नाही. तुम्हा भावाबहिणीत एका माणसाच्या जाण्यावरून जे झालं ते पुरे झालं.”

“आई, मी येईन गं. त्याच्या आधी येईन.”

“ये नं. पण त्याच्यासाठी येऊ नको. तुझ्या सोयीनं ये, सुट्टी मिळंल तेव्हा. तुझ्यासाठी कोणी थांबलं नाही असं परत नको व्हायला, म्हणून तर माझी सोय मी लावून ठेवली.”

तिने हे अगदी मायेनं सांगितलं. समोरच्या दारातली बाई कामावर निघाली होती, तिच्या बुटांचा आवाज जिन्यात येत होता. आई पलीकडून “हॅलो, हॅलो” करत होती, लाइन गेली असं तिला वाटलं. त्या क्षणी मला आईचा जेवढा राग आला, तेवढा दादाचाही कधी आला नव्हता.